नेटवर्क मार्केटिंग घरोघरी जाऊन करायचं की मोबाईलवरून? कोल्हापुरात नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

कुणी नवीन जॉइन झालं की पहिला प्रश्न ठरलेला, ताई घरोघरी फिरायलाच लागतंय का, आता सगळं मोबाईलवर होतंय म्हणतात. आणि उत्तर मिळतं ते अपलाइनच्या, म्हणजे ज्याने आपल्याला जोडून घेतलं त्या वरच्या माणसाच्या सवयीप्रमाणे. जुना माणूस असेल तर म्हणतो शंभर नावांची लिस्ट काढ आणि भेटायला सुरुवात कर, नवीन पोरगं असेल तर म्हणतं रील टाकत जा, लोक आपोआप विचारतात. मी दोन्ही पद्धतीने काम केलंय आणि अजून करते, घरगुती साफसफाईचा माल आणि थोडं न्यूट्रिशन, त्यामुळं दोन्हीकडं काय चालतं आणि कुठं अडतं ते नीट सांगते.

माझं मत आधीच सांगून टाकते. ओळख आणि विश्वास समोरासमोर बसून होतो, पाठपुरावा मोबाईलवर सोपा जातो. आणि तुमचं काम कसं चाललंय हे बघायचं असेल तर दुसरी ऑर्डर बघा. पहिली ऑर्डर लोक आपल्या तोंडाकडं बघून देतात, दुसरी माल पटला तरच येते.

१. आधी कंपनी तपासा, मग पद्धतीचं बघू

हे सोडून थेट लिस्ट काढायला बसू नका. डायरेक्ट सेलिंगसाठी, म्हणजे दुकानाशिवाय थेट ग्राहकाला माल विकायच्या धंद्यासाठी (नेटवर्क मार्केटिंग त्यातच येतं), केंद्र सरकारचे नियम आहेत, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली २८ डिसेंबर २०२१ ला आलेले. त्यात पिरॅमिड स्कीम आणि पैसे फिरवायची स्कीम दोन्हीवर बंदी आहे. पैसे फिरवायच्या स्कीमवर तर १९७८ पासूनच वेगळा बंदी कायदा आहे. फरक ओळखायला सोपा आहे, पैसे माल विकल्यावर मिळतात का नुसता माणूस जोडल्यावर? नुसता माणूस आणला म्हणून पैसे मिळत असतील तर तिथून उठा, समोर सख्खा मामा बसलेला असला तरी.

कंपनीचा २१ अक्षर-आकड्यांचा सीआयएन म्हणजे नोंदणी नंबर घ्या आणि कंपनी मंत्रालयाच्या म्हणजे एमसीएच्या वेबसाइटवर टाकून बघा. भारतात नोंदणीकृत ऑफिस असलंच पाहिजे. वेबसाइटवर तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर पाहिजे. खायचा माल असेल तर पाकिटावर एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर बघा. "सरकारमान्य कंपनी आहे" असं कुणी छातीठोक सांगितलं की जास्त सावध व्हा, कंपनी नोंदलेली असणं वेगळं आणि सरकारने तिची हमी घेणं वेगळं, तशी हमी सरकार कुणाची घेत नाही.

आणि एक हिशेब स्वतः करून बघा. मीटिंगमध्ये बोर्डावर गोल काढून सांगतात की तू फक्त सहा जण आण, ते प्रत्येकी सहा आणतील. सहाचे ३६, ३६ चे २१६, मग १,२९६, ७,७७६, ४६,६५६, २,७९,९३६, आणि आठव्या पातळीला १६,७९,६१६. नवव्या पातळीला एक कोटीच्या वर. आपल्या पूर्ण कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३८ लाख ७६ हजार होती. म्हणजे करवीर, कागल, शिरोळ, चंदगड, तान्ह्या बाळापासून आजीपर्यंत सगळे जोडले तरी नववी पातळी भरत नाही. म्हणून म्हणते, माणसं जोडण्यावर उभं राहिलेलं काम थांबणारच, माल वापरणाऱ्यांवर उभं राहिलेलं टिकतं.

२. लागणारी कागदपत्रं आणि सामान

- पॅन कार्ड. कमिशनवर टीडीएस, म्हणजे हातात यायच्या आधीच जाणारा कर, कापला जातो आणि पॅन जोडलेलं नसेल तर २० टक्क्यांपर्यंत जातो
- आधार. शक्यतो मास्क केलेलं, म्हणजे फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं द्या, आधारच्या म्हणजे यूआयडीएआयच्या वेबसाइटवरून डाउनलोड होतं
- बँक पासबुक किंवा कॅन्सल चेक, स्वतःच्या नावाचा
- कंपनीशी झालेला लेखी करार. हा मागून घ्या आणि वाचा, बरेच जण ॲपवर टिक करतात आणि विसरून जातात
- कंपनीचं ओळखपत्र. याच्याशिवाय कुणाच्या घरी जायचं नाही असं नियमातच आहे
- ऑर्डर फॉर्म किंवा बिल बुक
- दोनशे पानी वही, हिशेबाला
- साधा स्मार्टफोन आणि कामासाठी वेगळा नंबर

जीएसटी लागतो का हे कंपनीच्या करारावर आणि तुमच्या विक्रीवर आहे, एकदा सीएकडं जाऊन विचारा, अपलाइनच्या तोंडी उत्तरावर राहू नका. सरकारी नोकरीत असाल, झेडपी शाळेत असाल, तर आधी ऑफिसात विचारा. राज्य कर्मचाऱ्यांना वर्तणूक नियम १९७९ प्रमाणे परवानगीशिवाय खाजगी धंदा करता येत नाही आणि "मिसेसच्या नावावर आयडी लावू, म्हणजे नोंदणी तिच्या नावाने करू" हा सल्ला देणारा नंतर तुमच्या चौकशीला येत नाही.

करारात कूलिंग ऑफची मुदत बघून ठेवा. म्हणजे जॉइन झाल्यावर अमुक दिवसांत विचार बदलला तर दंड न भरता बाहेर पडता येतं. न विकलेला माल परत घेतात का आणि किती दिवसांत, हेही तिथंच लिहिलेलं असतं. तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

३. जुनी पद्धत: भेटणं, दाखवणं, वापरायला देणं

लिस्ट काढा पण शंभर नावांच्या मागं लागू नका. वीस घरं अशी निवडा की जिथं तुमच्याकडचा माल खरंच लागतो. कपडे धुवायचं लिक्विड असेल तर ज्या घरात शाळेची पोरं आहेत, एमआयडीसीत जाणारा माणूस आहे, तिथं. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतून आलेला शर्ट ज्या वहिनी रोज घासतात त्यांना तुम्हाला भाषण द्यायची गरजच पडत नाही.

जायच्या आधी फोन करा. वेळ घेऊन जायचं असं नियमात आहे आणि माणुसकी म्हणूनही तेच बरोबर. दुपारी तीन ते पाच ही वेळ आपल्याकडं बरी, जेवणं झालेली असतात, पोरं शाळेत असतात, संध्याकाळच्या भाकरीला वेळ असतो. गावात दूध घालायच्या वेळेला कधी जाऊ नका, कुणी उभंही करून घेणार नाही.

गेल्यावर पहिल्यांदा सांगायचं, मी अमुक कंपनीचा माल विकते आणि तो दाखवायला आलीय. "सहज आले होते" म्हणून बसायचं आणि चहा झाल्यावर पिशवीतून बाटली काढायची हे करू नका. लोकांना कळतं, आणि पुढच्या वेळी दार अर्धंच उघडतं.

डेमो त्यांच्याच वस्तूवर करा. मी भांड्याचं लिक्विड दाखवते तेव्हा त्या घरातलं तांबड्या रश्श्याचं पातेलं मागते, कडेला तेलाचा कट वाळलेला असतो तेच बरं. एका वाटीत पाणी, त्यात चमचाभर लिक्विड, आणि घासणी वहिनींच्या हातात द्यायची, आपण घासायचं नाही. त्यांनी स्वतः घासलं, धुतलं, बोट फिरवून बघितलं, मग काही बोलावं लागत नाही. निघालं नाही तर नाही निघालं म्हणायचं. मग किंमत सांगायची, एका बाटलीत साधारण किती दिवस जातात ते सांगायचं, आणि आत्ता वापरताय ते महिन्याला कितीला पडतं ते त्यांनाच काढू द्यायचं. कधीकधी आपला माल महाग पडतो. तेही सांगा. हे ऐकलेल्या बायका पुढं दुसरी एखादी वस्तू हमखास घेतात कारण ही खोटं बोलत नाही हे कळलेलं असतं.

लगेच मोठी ऑर्डर घेऊ नका, एक बाटली द्या, बिल द्या, आणि आठ दिवसांनी विचारा.

हळदी-कुंकवाबद्दल वेगळं सांगायला पाहिजे कारण संक्रांत ते रथसप्तमी सगळ्या अपलाइन मागं लागतात. तुमच्या स्वतःच्या घरचं हळदी-कुंकू असेल तर वाण म्हणून छोटं सॅशे द्या, छान आहे, बायका घरी जाऊन वापरतात. पण दुसरीच्या घरी कुंकू लावायला गेल्यावर तिथं माणसं जोडायचा प्लॅन उघडायचा नाही. तिनं बायका बोलावल्यात तिच्या घरी, तुमच्या मीटिंगला नाही. बचत गटाच्या बैठकीचं पण तसंच, अध्यक्षांना आधी विचारा, हप्ते आणि हिशेब झाल्यावर दहा मिनिटं मागा. भिशीचे पैसे मालाला वळवा असं चुकूनही सुचवू नका.

या पद्धतीत अडचण काय, तर वेळ आणि पेट्रोल. कसबा बावड्यातून निघून राजारामपुरी, मग उचगाव, मग एक डिलिव्हरी रंकाळ्याकडं असं केलं तर दिवस गेला आणि हातात तीन बाटल्यांचं मार्जिन. म्हणून एका दिवशी एकच भाग धरा, सोमवारी शाहूपुरी तर शाहूपुरीच. हॉलवरच्या मीटिंगांवर माझा फारसा विश्वास नाही. खुर्च्या भरतात, टाळ्या होतात, घरी गेल्यावर फोन उचलत नाहीत.

४. ऑनलाइन पद्धत: काय करायचं

सुरुवात व्हॉट्सअॅप बिझनेस ॲपपासून करा, फुकट आहे. वेगळ्या नंबरवर घ्या. कॅटलॉगमध्ये सगळा माल टाकायच्या भानगडीत पडू नका, तुम्ही स्वतः घरात वापरता तेवढाच टाका, फोटो स्वतः काढा, खिडकीजवळ, एमआरपी दिसेल असा. लेबल लावायची सोय आहे तिचा वापर करा, "नवीन", "आठ दिवसांनी फोन", "रिपीट" एवढी तीन लेबलं पुरतात.

ब्रॉडकास्ट लिस्टचं एक बऱ्याच जणांना माहीत नसतं. तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज जातो. म्हणून भेटीच्या वेळीच समोर बसून नंबर सेव्ह करून घ्या. आणि महिन्यातून दोन मेसेज पुरे. रोज सकाळी गुड मॉर्निंग आणि खाली कंपनीचा लोगो असं करणाऱ्यांना लोक म्यूट करतात, काहीजण ब्लॉक करून रिपोर्ट करतात आणि मग नंबरच बंद होतो.

न विचारता कुणाला ग्रुपमध्ये घेऊ नका. तालमीच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर जाहिरात टाकू नका. स्टेटस ठेवा, ज्याला बघायचं तो बघतो. स्टेटसला माझ्या अनुभवात एकच गोष्ट चालते, वापरायच्या आधीचा आणि नंतरचा खरा फोटो, खाली आपल्या बोलीत दोन ओळी. कंपनीचं चकचकीत पोस्टर टाकलं की कुणी विचारत नाही.

व्हिडिओ करायचा असेल तर मोबाईल उभा धरून एक मिनिटाचा करा आणि तुम्ही घरात बोलता तशीच भाषा ठेवा. "नमस्कार मित्रांनो आज आपण पाहणार आहोत" असली प्रस्तावना काढून टाका, पातेलं दाखवा.

आता कमाईच्या रीलबद्दल. भाड्याच्या गाडीजवळ उभं राहून "महिन्याला लाख, घरबसल्या, फक्त मोबाईल पाहिजे" असली रील करायला अपलाइन सांगेल. करू नका. खोटा किंवा फुगवलेला दावा ही दिशाभूल आहे आणि ती तुमच्याही नावावर जाते. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरात नियमांत मल्टिलेव्हल मार्केटिंगच्या संधीची पैसे देऊन केलेली जाहिरात चालत नाही, त्यामुळं "पाचशे रुपयाची ॲड चालव, लीड येतील" हा सल्लाही बाद. पेजला कंपनीचं नाव किंवा लोगो लावायच्या आधी करार बघा, परवानगी लागते. ॲमेझॉन-फ्लिपकार्टवर माल टाकायचं पण तसंच, बहुतेक कंपन्यांत चालत नाही, आणि ऑनलाइन विकायचं ठरवलंच तर ई-कॉमर्सचे २०२० चे नियम तुम्हालाही लागू होतात.

झूम मीटिंग रात्री नऊला ठेवतात. त्या वेळेला निम्म्या बायकांच्या घरात ताटं वाढायची असतात, कॅमेरा बंद, आवाज बंद, आणि अपलाइनला वाटतं ऐंशी जण बघतायत. ठेवायचीच तर दुपारी ठेवा, वीस मिनिटांची, आणि फक्त माल कसा वापरायचा यावर. ज्यांनी आधीच घेतलाय त्यांच्यासाठी. गडहिंग्लज, आजऱ्याकडच्या ग्राहकांना याचा खरंच उपयोग होतो कारण तिथं दर महिन्याला जाणं परवडत नाही.

५. मग कुठं काय वापरायचं

पहिली भेट, डेमो, पहिली बाटली: समोरासमोर. आठव्या दिवसाचा फोन: आवाजात, मेसेज नको. "वहिनी, ते लिक्विड कसं वाटलं, किती शिल्लक हाय अजून?" एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. हाताला कोरडं वाटतंय म्हणाल्या तर लिहून घ्या आणि कमी घालून बघा म्हणा. दुसऱ्या ऑर्डरपासून पुढं व्हॉट्सअॅप, पैसे यूपीआयने, आणि माल पोचवायचा दिवस ठरलेला. वर्षातून दोन-तीनदा परत घरी जाऊन या, विकायला नाही, भेटायला.

पैशाची वेळ बघून फोन करा. दुधाचं बिल दहा दिवसांनी येतं, एमआयडीसीचा पगार महिन्याच्या सात-दहा तारखेला, आणि शिरोळ-हातकणंगलेकडं उसाचं बिल जमा झालं की घरात जरा मोकळीक असते. २७ तारखेला सगळ्यांनाच नाही म्हणावं लागतं आणि नाही म्हणायची सवय लागली की ती मोडत नाही.

पुण्या-मुंबईचे नातेवाईक असतील तर तिथं ऑनलाइनच, पण बाटली आधी कुणाबरोबर तरी पाठवून द्या, फोटो बघून कुणी घेत नाही. उधारी नाही. ओळखीत तर मुळीच नाही.

६. टीम कधी करायची

दहा-बारा घरं अशी झाली की जी न सांगता स्वतः मागवतात, तेव्हा. त्यातलीच एखादी म्हणते ताई माझ्या जावेला पण पाहिजे, माझ्या बहिणीला पण पाहिजे, मग तिला विचारा, तूच देशील का, मार्जिन तुला राहील. अशी आलेली माणसं टिकतात.

तिला पहिल्या दिवशी वही दाखवा, तुमची खरी, किती आले आणि किती गेले. आयडी लावताना ओटीपी तिच्या फोनवर येतो, तो तिनेच टाकायचा, नवऱ्याला-सासूला सांगून. तिचं आधार-पॅन टीमच्या ग्रुपवर टाकू नका. हे सर्रास चालतं, "आयडी लावून द्या सर" म्हणून खाली आधारचा फोटो, आणि ग्रुपमध्ये दोनशे अनोळखी लोक. ग्राहकाची माहिती जपायची जबाबदारी नियमाने तुमच्यावर आहे, टीमची पण तशीच जपा.

७. वही

डावीकडं मार्जिन आणि कमिशन, उजवीकडं पेट्रोल, रिचार्ज, सॅम्पल, कुरिअर, मीटिंगची फी, प्रवास, आणि स्वतः घेतलेला माल. समजा महिन्यात ८,००० चा माल गेला आणि मार्जिन १५ टक्के, तर १,२०० आले. पेट्रोल ५००, सॅम्पल २००, रिचार्ज ३००. उरले २००. मग त्या महिन्यात पुण्याच्या सेमिनारला ९०० घालवायचे का हे तुमचं तुम्हाला दिसतं, कुणाच्या सांगण्याची गरज राहत नाही. सहा महिने सलग उजवी बाजू जड असेल तर पद्धत बदला किंवा काम थांबवा, यात लाज काही नाही. टीडीएस कापलेला असेल तर तो आयकराच्या साइटवर दिसतो, रिटर्न भरताना धरा.

८. इथं नवीन माणूस अडकतो

महिनाअखेरचं क्लोजिंग. पीव्ही म्हणजे मालाच्या खरेदीवरचे पॉइंट कमी पडतायत, रँक जाईल, असं म्हणून २९-३० तारखेला अपलाइनचा फोन येतो आणि माणूस स्वतःच्या खिशातून चार-पाच हजाराचा माल उचलतो. पुढच्या महिन्यात परत. माळ्यावर खोकी, त्यातली निम्मी एक्स्पायर, आणि घरात भांडणं. गरजेपेक्षा जास्त माल घ्यायला लावणं नियमात बसत नाही. ग्राहकाने मागवलेलं तेवढंच आणायचं, रँक गेली तर जाऊ दे. सोनं गहाण ठेवून, पतसंस्थेतून कर्ज काढून कुणी माल भरायला सांगत असेल तर तो तुमचा हितचिंतक नाही, हे मी अगदी मनापासून सांगते.

दुसरं आजाराचे दावे, आणि हे सगळ्यात वाईट. पावडर घेतल्यावर शुगर बरी होते, कॅन्सर थांबतो, असलं काही बोलायचं नाही, स्टेटसला तर नाहीच. डायबेटीस, कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात १९५४ च्या औषधं आणि जादुई उपाय कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवा, तुमच्यावर विश्वास ठेवून शेजारच्या काकांनी गोळी बंद केली तर? गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, हे वाक्य न्यूट्रिशन देताना दर वेळी, दर माणसाला म्हणायचं.

तिसरं, पैसे कंपनीच्या खात्यावर भरा. अपलाइनच्या गुगल पेवर नाही, "मी भरतो तुझं" म्हणाला तरी नाही. आणि मालाचं नावच नाही, नुसते पैसे ठेवा, दर महिन्याला इतके टक्के, असं कुणी नेटवर्क मार्केटिंगच्या नावाखाली सांगितलं तर तो हा धंदाच नव्हे. जास्त परताव्याच्या आमिषाला आपल्या जिल्ह्यात किती घरं लागली हे तुमच्या गल्लीत पण कुणीतरी सांगेल.

९. बाहेर पडायचं किंवा तक्रार करायची असेल तर

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी, ईमेलने. कामाच्या ४८ तासांत पोच आणि साधारण एक महिन्यात निवारण अशी नियमात मुदत आहे, तक्रार नंबर मागून घ्या. बिलं, बँकेचे मेसेज, अपलाइनशी झालेलं चॅट सगळं जपून ठेवा, चॅट डिलीट करू नका, एक्स्पोर्ट करून स्वतःला ईमेल करा. हाललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीत बोलता येतं. ऑनलाइन पैसे फसवून गेले असतील तर १९३०, आणि तो फोन त्याच तासाला करा, उद्या बघू म्हणू नका कारण पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत थांबवायचे असतात. तरीही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तुमच्याखाली कुणी जोडलेलं असेल तर आधी त्यांना सांगा की मी सोडतेय आणि का सोडतेय, त्यांची कूलिंग ऑफची मुदत आणि माल परत करायची तारीख अजून शिल्लक असू शकते.